अहवालात पाणी निकषांत बसते, मग तलावातले मासे का मेले?

तलावशेजारी (प्रश्न)

नमस्कार. नागपूरच्या दक्षिण टोकाला, जिथे गेल्या दहा-बारा वर्षांत एकामागून एक ले-आउट पडत गेले, तिथे आमच्या वस्तीला लागून एक जुना तलाव आहे. मासेमारीचा ठेका एका लहान मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे आहे आणि वस्तीचा नाला, कुणी कितीही नाकारले तरी, त्याच तलावात उतरतो. यंदा पोळ्याच्या आधी सलग तीन दिवस आभाळ भरून राहिले, पाऊस मात्र नावालाच पडला. चौथ्या दिवशी पहाटे पाळीवर फिरायला गेलो तेव्हा काठाने पांढरी पोटे वर करून पडलेल्या माशांची रांगच लागलेली होती. बहुतेक कतला आणि रोहू होते, त्यांतही मोठे. तोंडे उघडी आणि कल्ले फाकलेले. मोजायला सुरुवात केली आणि दोनशेच्या पुढे सोडून दिले.

तक्रार केल्यानंतर संबंधित कार्यालयाचे दोन कर्मचारी तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला आले. तोवर चांगले ऊन पडले होते. पाळीवरून दोरी बांधलेली बादली सोडून त्यांनी नमुना घेतला, तलावाच्या कडेने चुना आणि ब्लीचिंग पावडर टाकली आणि ते गेले. काही दिवसांनी अहवाल मिळाला, तो असा: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ६.८ मिलिग्रॅम, सामू, म्हणजे पीएच, ८.४, पाण्याचे तापमान ३० अंश, अमोनिकल नायट्रोजन २.४ मिलिग्रॅम. खाली शेरा आहे की हे पाणी मत्स्यजीवनासाठीच्या निकषांत बसते.

मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी नाही. हा अहवाल खोटा आहे असेही मला म्हणायचे नाही, कारण नमुना घेताना मी स्वतः तिथे उभा होतो. पण पाणी निकषांत बसत असेल तर दोनशेहून अधिक मासे कशाने मेले, हे निकष नेमके कुणी आणि कशासाठी ठरवले, आणि या अहवालानंतर आमच्या तक्रारीला काही अर्थ उरतो का, हे जाणकारांनी सांगावे.

जुना प्रयोगशाळावाला

आपण नमुन्याची वेळ लिहिली हे फार चांगले केले, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या साडेअकरात आहे. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करून निवृत्त झालो असून असे अहवाल शेकड्यांनी तयार केले आहेत, तेव्हा पुढचे लिखाण थोडे आत्मपरीक्षण समजून वाचावे.

सांडपाणी मिसळणाऱ्या तलावात हिरवे शेवाळ भरपूर असते. ते दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडते आणि रात्री माशांप्रमाणेच ऑक्सिजन घेते; तळाच्या गाळातले जिवाणू तर दिवसरात्र तो खातच असतात. त्यामुळे अशा तलावातला ऑक्सिजन दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वांत जास्त आणि सूर्योदयाच्या आधी सर्वांत कमी असतो, आणि या दोन वेळांतला फरक कधी कधी आठ-दहा मिलिग्रॅमचा असू शकतो. तीन दिवस आभाळ राहिले की दिवसाची भर थांबते, रात्रीचा खर्च मात्र चालूच राहतो. चौथ्या पहाटे आपण जे पाहिले तो त्या खर्चाचा हिशेब होता. मोठे मासे आधी मेले, कल्ले फाकलेले होते आणि घटना पहाटेची होती, या तिन्ही गोष्टी गुदमरण्याकडेच बोट दाखवतात. पाण्यात एखादे विष उतरले असते तर सहसा लहान मासे आधी गेले असते.

३० अंशांच्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, आणि नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर असल्यामुळे त्याहूनही थोडा कमी. त्या मानाने ६.८ हा आकडा उत्तम वाटतो. पण हा उन्हात, पृष्ठभागावरून आणि बादलीने घेतलेला नमुना आहे, आणि बादली पाण्यावर आपटली की तीच चार बुडबुड्यांचा ऑक्सिजन आत घालते. या तपासणीसाठी काचेची ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखाली नेऊन, एकही बुडबुडा न राहता भरायची असते आणि काठावरच मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइडचे द्रावण घालून ऑक्सिजन बांधून टाकायचा असतो. बाटली उलटसुलट हलवली की आत साका तयार होतो. ऑक्सिजन असेल तर तो तपकिरी होतो आणि नसेल तर दुधासारखा पांढरा राहतो. एका पहाटे असा पांढरा साका हातात धरून मी काठावर उभा होतो; पुढचे टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून आकडा काढणे, केवळ वहीत लिहिण्यापुरते उरले होते.

आता अमोनियाकडे, म्हणजे अहवालातल्या अमोनिकल नायट्रोजनकडे वळतो, कारण माझ्या मते अहवालातला खरा चिंतेचा आकडा तोच आहे. पाण्यातला सगळा अमोनिया माशांना सारखाच घातक नसतो. त्याचा जो भाग मुक्त अमोनियाच्या रूपात असतो तो कल्ल्यांतून थेट रक्तात जातो, आणि हा भाग सामू व तापमान वाढले की झपाट्याने वाढतो. ३० अंशांना सामू ७ असेल तर तो एक टक्क्याहूनही कमी असतो, ८ ला साडेसात टक्क्यांच्या आसपास आणि ९ ला जवळजवळ ४५ टक्के. आपल्या नमुन्यात सामू ८.४ होता, म्हणजे २.४ पैकी सुमारे ०.४ मिलिग्रॅम मुक्त अमोनिया. शेवाळाच्या तलावात दुपारी सामू ९ पर्यंत सहज चढतो आणि तेव्हा तोच आकडा १ च्या पुढे जातो. म्हणजे या तलावातला मासा दुपारी अमोनिया सोसतो आणि पहाटे श्वासासाठी धडपडतो. साडेअकराचा नमुना या दोन्ही वेळांच्या नेमका मध्ये पडला.

हे आकडे निकषांत कसे बसले? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार अ ते ई असे पाच वर्ग केले आहेत. त्यांतला ड वर्ग वन्यजीव आणि मत्स्यसंवर्धनाचा असून त्याच्या अटी अशा आहेत: सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला ऑक्सिजन किमान ४ मिलिग्रॅम आणि मुक्त अमोनिया, नायट्रोजनच्या रूपात, कमाल १.२ मिलिग्रॅम. आपले पाणी या तिन्हींत बसले. युरोपीय समुदायाने १९७८ मध्ये खास गोड्या पाण्यातल्या माशांसाठी जो निर्देश काढला होता त्यात मुक्त अमोनियाची सक्तीची मर्यादा ०.०२५ मिलिग्रॅम होती. एकके जुळवून पाहिली तर आपली मर्यादा तिच्या पन्नासपटींहून अधिक सैल ठरते. तो निर्देश २०१३ च्या अखेरीस रद्द होऊन त्याची जागा व्यापक जल-चौकटीने घेतली, पण त्यातली एक तळटीप मी कधी विसरलो नाही. ऑक्सिजनचा नमुना त्या दिवसाच्या कमी ऑक्सिजनच्या स्थितीचे प्रतिनिधित्व करणारा असावा आणि दिवसभरात मोठा चढउतार असल्याची शंका असेल तर एकाच दिवशी किमान दोन नमुने घ्यावेत, असे तिच्यात स्पष्ट लिहिले होते. ट्राउट-सामनसारख्या थंड पाण्याच्या माशांचे आणि कार्प कुळातल्या माशांचे पाणी त्यांनी वेगळे धरले होते; आपले रोहू-कतला या दुसऱ्या कुळातले. तिथल्या ऑक्सिजनच्या मर्यादा जशाच्या तशा इथे आणा असे मी म्हणणार नाही, कारण थंड पाण्यात ऑक्सिजन मुळातच जास्त मावतो. परंतु वेळेची अट आणायला हवामान आड येत नाही.

शेवटी एक कळकळीची विनंती. तलावात चुना टाकू देऊ नका. चुन्याने सामू वाढतो आणि निरुपद्रवी रूपात असलेला अमोनिया घातक रूपात येतो. ब्लीचिंग पावडरचेही तसेच आहे: आपल्याकडे सांडपाण्यात उरलेल्या क्लोरीनची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी दीर्घकालीन मर्यादा ०.०११ मिलिग्रॅम सुचवली आहे. वास गेला म्हणून लोक खूश होतात आणि उरलेले मासे जातात.

शंकेखोर

विद्वत्तेबद्दल आदर आहे, पण मूळ प्रश्न कुणीच विचारत नाही. ज्या तलावात वस्तीचे सांडपाणी उतरते त्यातले मासे खावेतच कशाला? अशा तलावांत मासेमारीच बंद केली तर हा सगळा वाद मिटेल.

कलम चोवीस

शंकेखोर यांच्या सूचनेने सांडपाण्याऐवजी मासेमारांनाच तलावाबाहेर काढले जाईल. कायद्याचा रोख नेमका उलट आहे. मी वकिली करतो, त्यामुळे फक्त कायद्यापुरते लिहितो.

जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम १९७४ चा आहे. महाराष्ट्राने त्याआधीच, १९६९ मध्ये, आपला स्वतंत्र कायदा केला होता आणि केंद्राचा कायदा आपल्याकडे १९८१ मध्ये लागू झाला. या अधिनियमातल्या ‘प्रदूषण’ या शब्दाच्या व्याख्येत माणसांच्या आरोग्याबरोबरच प्राणी, वनस्पती आणि जलचर यांच्या जीविताला व आरोग्याला होणारी हानी स्पष्टपणे घेतलेली आहे. म्हणजे मासे मेले, माणसाला काही झाले नाही, असा बचाव चालत नाही. तसेच ‘प्रवाह’ या शब्दात नदी-नाल्यांबरोबर नैसर्गिक वा कृत्रिम असे अंतर्गत जलसाठेही येतात, त्यामुळे वाहत नसला तरी आपला तलाव कायद्याच्या भाषेत प्रवाहच आहे. ठरवून दिलेल्या मानकांबाहेरचे घातक किंवा प्रदूषक द्रव्य अशा प्रवाहात जाणूनबुजून सोडणे किंवा सोडू देणे याला कलम २४ ने मनाई आहे. ‘सोडू देणे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण नाला ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यापर्यंत ते पोहोचतात. तुलनेसाठी सांगतो, १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग अधिनियमातही पाण्यात विष किंवा चुना टाकण्याला मनाई होती, पण तिथे मासे पकडण्याचा किंवा मारण्याचा हेतू सिद्ध करावा लागे. सांडपाणी सोडणाऱ्याचा असा हेतू कधीच नसतो.

प्रयोगशाळावाले काकांनी सांगितलेल्या ड वर्गाविषयी एक दुरुस्ती सुचवतो. ते वर्ग पाण्याचा कोणता वापर शक्य आहे हे ठरवण्यासाठी आहेत. तलावाचे पाणी एका दुपारी त्या वर्गात बसले म्हणून नाल्यातून सांडपाणी सोडणाऱ्याला क्षमापत्र मिळत नाही. सोडल्या जाणाऱ्या पाण्यासाठी वेगळी मानके आहेत आणि ती १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांच्या अनुसूची ६ मध्ये आहेत. त्या तक्त्यातली एक ओळ आपल्या चर्चेसाठी सोन्यासारखी आहे: शंभर टक्के, म्हणजे काहीही न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. याला जैव-चाचणी म्हणतात. बाकीच्या ओळी एकेका रसायनाचा आकडा विचारतात, ही ओळ थेट माशाला विचारते. दुर्दैवाने मी पाहिलेल्या अहवालांत हा रकाना बहुधा कोराच असतो.

याच अनुसूचीत अंतर्गत जलसाठ्यात सोडायच्या पाण्यासाठी अमोनिकल नायट्रोजनची मर्यादा ५० मिलिग्रॅम आणि मुक्त अमोनियाची ५ मिलिग्रॅम आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांसाठी २०१५ मध्ये जो मसुदा आला त्यात अमोनिया ५ आणि एकूण नायट्रोजन १० मिलिग्रॅम असे आकडे होते. ऑक्टोबर २०१७ च्या अंतिम अधिसूचनेत सामू, बीओडी (घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातील त्याचे माप), तरंगते घन पदार्थ आणि विष्ठाजन्य जिवाणू एवढेच उरले. अमोनियाची ओळ गेली. माशांच्या दृष्टीने तीच गरजेची होती.

आता तक्रारीविषयी. माहितीच्या अधिकारात अर्ज करून नमुन्याची वेळ, जागा, खोली आणि साठवणुकीची पद्धत मागा. नाल्याच्या तोंडाशी नमुना घेण्याची लेखी मागणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करा. सांडपाण्याचा नमुना पुरावा म्हणून टिकायचा असेल तर तो कलम २१ च्या पद्धतीने, नोटीस देऊन आणि मोहोर लावून घ्यावा लागतो, त्यामुळे आपण स्वतः बाटली भरून नेल्याने काम होणार नाही. तातडीच्या स्थितीत कलम ३२ खाली मंडळ स्वतः उपाय करू शकते. सहकारी संस्थेच्या नुकसानीसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा रस्ता आहे, आणि आपल्याला त्याचे पुण्याचे खंडपीठ. भरपाईच्या अर्जाला पाच वर्षांची मुदत असली तरी इतर दाद मागण्यासाठी घटनेपासून सहाच महिने मिळतात, तेव्हा पुढच्या पोळ्याची वाट पाहू नका.

डोंगा आणि जाळे

मी ढीवर समाजाचा आहे आणि आमची संस्था दुसऱ्या एका तलावावर काम करते. शंकेखोर भाऊंना एवढेच सांगतो की तलावात आम्ही आधी होतो, नाला नंतर आला. नाग नदीचे पाणी कन्हानमधून वैनगंगेला आणि पुढे गोसीखुर्दच्या धरणात जाते. शहरातल्या तलावांतली मासेमारी बंद केली तरी खाली जाळे टाकणाऱ्यांकडे तेच पाणी येणार आहे; त्यांनाही बंद करायला सांगणार का?

वर प्रयोगशाळावाल्या काकांनी जे लिहिले ते आम्ही मीटरशिवाय ओळखतो. आभाळ राहिले की रात्री तीन-चारच्या सुमारास पाळीवर बसावे. मासे कडेला येऊन तोंड वर काढून हवा घेऊ लागले, आणि बॅटरीचा उजेड पडला तरी खाली गेले नाहीत, की समजावे पाणी संपले. कतला आधी जातो. मरळ आणि मागूर थेट हवा घेऊ शकतात म्हणून तगतात. म्हणूनच साहेब लोक ‘मासे तर दिसत आहेत’ असे म्हणतात तेव्हा कोणते मासे दिसत आहेत हे विचारावे. आमच्या तलावात पूर्वी जी लहान देशी मासळी जाळ्यात आपोआप यायची, ती आता तिलापियाच्या ढिगात शोधावी लागते. त्या मासळीसाठी कुणी तक्रार केली नाही, कारण ती एका पहाटे मेली नाही.

एक गोष्ट आमच्या बाजूचीही मान्य करतो. ठेक्याची रक्कम भरून निघावी म्हणून काही संस्था तलावाला झेपेल त्याहून जास्त बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले, सोडतात आणि वाढ लवकर व्हावी म्हणून कोंबडीखत टाकतात. आम्हीही एका वर्षी टाकले होते. त्या वर्षी श्रावणात आमचेही मासे मेले आणि आम्ही नाल्याला दोष दिला. तलावशेजारी यांनी आपल्या संस्थेकडे आधी हे विचारून घ्यावे, म्हणजे पुढे कुणी तोंडावर मारणार नाही.

जुना प्रयोगशाळावाला

कलम चोवीस यांची दुरुस्ती मान्य. जैव-चाचणीविषयी मात्र थोडे सावध करतो. चाचणीच्या टाकीत हवा खेळती ठेवतात, त्यामुळे सांडपाण्यात विष आहे का हे कळते, पण तलावातला ऑक्सिजन ते किती खाईल हे कळत नाही. त्यासाठी बीओडीच पाहावी लागते, जी आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस ठेवून मोजतात. दोन्ही मागा.

आणि डोंगावाले भाऊंनी बॅटरीच्या उजेडाची जी खूण सांगितली ती मला नोकरीच्या सर्व वर्षांत कुणी सांगितली नव्हती. नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून आपल्या शहरात आहे, मत्स्यविज्ञान महाविद्यालय तेलंगखेडीला आहे. मोजमापाचे ज्ञान नागपुरात कमी नाही, फक्त ते पहाटे पाचला पाळीवर हजर नसते. जिथे कारंजी आहेत तिथेही तीच तऱ्हा दिसते: संध्याकाळी पाहुण्यांसाठी ती जोरात चालतात आणि ज्या वेळी माशांना त्यांची गरज असते त्या वेळी बंद असतात.

तलावशेजारी

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितो आहे, कारण मधल्या काळात एका परिचितांकडून ऑक्सिजनचा मीटर उसना मिळाला. संस्थेच्या अध्यक्षांबरोबर डोंग्यातून जाऊन आदल्या दिवशी आभाळ असलेल्या एका पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मोजले, तेव्हा पाळीजवळ १.६, तलावाच्या मध्यावर २.३ आणि नाल्याच्या तोंडाशी ०.४ मिलिग्रॅम आले. त्यानंतर ऊन पडले आणि दुपारी साडेतीनला तलावाच्या मध्यावर मीटर ११.२ दाखवत होता. आधी वाटले की तो बिघडला. सामू त्या वेळी ९ होता. कोंबडीखताचा प्रश्न मी विचारला; दोन वर्षांपूर्वीपर्यंत टाकत होते, यंदा नाही, असे अध्यक्षांनी सांगितले आणि तसे लिहूनही दिले.

हे आकडे जोडून, नमुन्याची वेळ पहाटेची असावी आणि नाल्याच्या पाण्याची जैव-चाचणी व अमोनिया दोन्ही व्हावेत, असा अर्ज दिला आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्जही गेला. चुन्याची उरलेली पोती आम्ही शेडमध्ये ठेवून कुलूप लावले आहे. कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने अर्ज दोनदा वाचला आणि पहाटे पाचला यायचे तर गाडी कोण देणार, असे विचारले. अध्यक्ष म्हणाले, मी मोटरसायकलवर घ्यायला येतो, बाटल्या तेवढ्या तयार ठेवा. येत्या गुरुवारची वेळ ठरली आहे.